सहा महिन्यांचं बाळ, दीड वर्षाचा कपडा

उष्टावणाच्या दिवशी सकाळी आमच्या चिऊचा फ्रॉक डोक्यातून आत गेला, खांद्यांपर्यंत आला आणि तिथेच रुतला. वर निघेना, खाली सरकेना. हात आत, तोंड बाहेर आणि रडणं चार मजले ऐकू जाईल असं. फ्रॉकवर लेबल होतं ‘६ ते १२ महिने’. चिऊला सहा महिने पूर्ण होऊन आठवडाही झाला नव्हता. शेवटी आजीने कात्री मागितली, पाठीवरून फ्रॉक उभा कापला आणि पोरीला मोकळं केलं. पहिली खीर तिने मलमलीच्या झबल्यात चाटली, आणि त्या दिवसाच्या फोटोंत तेवढ्याच खुशीत दुसरं कुणी दिसत नाही.

तुमच्याही बाळाने असं छान बाळसं धरलं असेल, मनगटावर दोरा बांधल्यासारख्या वळ्या पडल्या असतील आणि वयाचा एकही कपडा बसत नसेल, तर मी दीड वर्षात जे शिकले ते इथे क्रमाने सांगते. त्यातलं निम्मं दुकानात शिकले, निम्मं घरच्या आजीकडून.

आधी हे समजून घ्या: मोठं माप घेऊन का भागत नाही

चिऊ तेव्हा ९ किलो १०० ग्रॅम होती आणि लांबी ६६ सेंटिमीटर. जागतिक आरोग्य संघटनेने २००६ मध्ये काढलेल्या वाढीच्या तक्त्यांत सहा महिन्यांच्या मुलीचं मधलं वजन ७.३ किलो आहे आणि मधली लांबी ६५.७ सेंटिमीटर. म्हणजे लांबीने चिऊ अगदी मध्यावर, आणि वजनाने तक्त्याच्या सगळ्यात वरच्या रेघेला टेकलेली. कपडे बनवणारा बेततो मधल्या बाळासाठी. तोच कपडा चिऊला लांबीत बरोबर आणि घेरात अपुरा.

‘मग एक माप मोठं घ्या की,’ असं दुकानदार सांगतो. आम्हीही घेतलं. काही कंपन्यांच्या कपड्यांवर ६८, ७४, ८० असे आकडे असतात, तो आकडा बाळाच्या लांबीचा, सेंटिमीटरमध्ये. एका मापावरून दुसऱ्यावर गेलात की लांबी सहा सेंटिमीटरने वाढते, छाती मात्र साधारण दोनच. त्यामुळे मांडीला बसेल असा कपडा शोधत आपण दोन-तीन मापं वर चढतो, तेव्हा बाही बोटांच्या पुढे लोंबते, गळा खांद्यावरून घसरतो, पायजमा पायात येतो, आणि मांडी तरीही घट्टच. गुटगुटीत बाळाला खरं तर मोठं माप नको असतं, वेगळा बेत, म्हणजे कपड्याची वेगळी कापणी, हवी असते. पुढचं सगळं त्यासाठीच आहे.

मापं घ्या, आणि ती भरल्या पोटी घ्या

शिंप्याची कापडी टेप घ्या. नसेल तर लोकरीच्या धाग्याने मापून धागा पट्टीवर धरा. सुताराची पत्र्याची टेप बाळाजवळ नेऊ नका. दूध पिऊन झाल्यावर, डायपर किंवा लंगोट घातलेला असताना माप घ्यायचं, कारण कपडा त्याच्यावरूनच चढणार आहे. सकाळी उपाशी पोटी घेतलेलं पोटाचं माप संध्याकाळी खोटं पडतं.

सगळ्यांत उपयोगाची मापं तीन, आणि ती कुणी घेत नाही. पहिलं पोटाचा घेर, बाळाला मांडीवर बसवून. झोपवून घेतलं तर पोट पसरतं आणि आकडा कमी येतो. चिऊचा झोपून १९ इंच होता, बसून २०. दुसरं मांडीचा घेर, जांघेजवळ, जिथे सगळ्यात जाड आहे तिथे. चिऊचा १२ इंच आला तेव्हा मी टेप दोनदा तपासली. तिसरं एका खांद्यावरून पुढून खाली, दोन्ही पायांच्या मधून मागे आणि परत त्याच खांद्यापर्यंत, असा पूर्ण वेढा. खाली बटणं लागणारे एकसंध कपडे याच मापावर फसतात. वरून बसल्यासारखे दिसतात, पण बाळ वाकलं की बटणं तटातट सुटतात.

याशिवाय छाती, दंड आणि डोक्याचा घेर टिपून ठेवा. डोकं यासाठी, की गळा डोक्यातून जायचा असतो. हे आकडे मोबाइलमध्ये ठेवा आणि दर दीड-दोन महिन्यांनी पुन्हा घ्या. पहिल्या वर्षात बाळ फार भराभर बदलतं. जन्माचं वजन साधारण पाचव्या महिन्याच्या आसपास दुप्पट होतं आणि वर्षाअखेरीस तिप्पट.

कपड्याचं माप कसं ताडून बघायचं

कपडा टेबलावर सपाट पसरा, काखेपासून काखेपर्यंत मोजा आणि दुप्पट करा. तसंच मांडीच्या जागी. ही दुप्पट आणि बाळाचं माप यांच्यातला फरक म्हणजे कपड्यातली मोकळीक. ताणल्या जाणाऱ्या होजियरीच्या कापडाला अंगापेक्षा एखादा इंच जास्त असला तरी चालतं. न ताणणाऱ्या कापडाला, म्हणजे पॉपलीन, मलमल, खण, सिल्क वगैरेला, छातीत तीन इंच, मांडीत दोन इंच आणि दंडाला दीड इंच तरी हवेत. आमचा उष्टावणाचा फ्रॉक न ताणणारा होता आणि त्याच्या दंडात अर्धा इंचही मोकळीक नव्हती. हे मला त्या दिवशी टेपने दोन मिनिटांत कळलं असतं.

ऑनलाइन घेताना वयाची यादी सोडून थेट मापांच्या तक्त्यावर जा. तिथे ‘छाती’ लिहिलेलं असतं ते बाळाच्या अंगाचं की कपड्याचं, हे आधी बघा. अंगाचं असेल तर मोकळीक त्यांनी धरली आहे, तुम्ही पुन्हा धरू नका. मांडीचं माप बहुतेक तक्त्यांत नसतंच. म्हणून परत करता येईल तेच मागवा, आणि आल्यावर आधी टेप लावा, मग बाळाला घाला.

रस्त्यावर किंवा सेलमध्ये तिरुपूरहून आलेला निर्यातीचा उरलेला माल मिळतो. कापड बहुतेक वेळा चांगलं असतं, पण लेबल परदेशी पद्धतीचं. काही अमेरिकी कंपन्यांचं ‘१२ महिने’ म्हणजे नऊ ते बारा असतं, बारा ते अठरा नव्हे. वजन पौंडात दिलेलं असेल तर एक पौंड म्हणजे साधारण ४५० ग्रॅम. आपल्याकडच्या जुन्या दुकानांत १४, १६, १८ असे नंबर चालतात. ते छातीचे की लांबीचे, हे त्याच दुकानदाराला विचारून घ्या, कारण पुढच्या दुकानात उत्तर बदलतं.

डायपर आधी, कपडे नंतर

हे मला फार उशिरा कळलं. चिऊच्या चड्ड्या घट्ट होतात म्हणून मी चड्ड्या बदलत होते, आणि खरा घोळ डायपरचा होता. पाकिटावर वजनाचे आकडे एकमेकांत शिरलेले असतात, मध्यम ७ ते १२ किलो आणि मोठा ९ ते १४ असे काहीसे. नऊ किलोचं बाळ दोन्हीत बसतं. निवाडा मांडीवर करायचा. मांडीच्या इलॅस्टिकखाली तुमची दोन बोटं सहज गेली पाहिजेत, आणि डायपर काढल्यावर पडलेला वळ थोड्या वेळात विरला पाहिजे. वळ तसाच लाल राहत असेल तर पुढचं माप घ्या, पाकीट अर्धं उरलं असलं तरी. कापडी लंगोट वापरत असाल तर मागची बाजू चांगलीच फुगते. त्यावर घालायच्या चड्डीला बैठक खोल हवी.

कुठला बेत घ्यायचा

झबलं. नव्या आयांना ते जुनाट वाटतं, मलाही वाटायचं. पण पुढून उघडं, एकावर एक येणारं आणि बंदांनी बांधायचं झबलं हा या बाळांसाठी सगळ्यात शहाणा कपडा आहे. डोक्यातून घालायचा प्रश्न नाही, पोट वाढलं की बंद सैल, आणि बाही अंगाबरोबरच कापलेली असल्याने मुंढा, म्हणजे बाही अंगाला मिळते तो भाग, काखेत रुतत नाही. शिवणक्लासात सुरुवातीलाच झबलं शिकवतात ते सोपं म्हणून, पण बसतं ते शहाणपणाने बेतलेलं असतं म्हणून. फक्त बंद आखूड ठेवा आणि गळ्याशी लांब दोऱ्या नकोत. बाजूला, काखेच्या खाली बांधता येतील असे घ्या.

झबल्यापलीकडे जायचं असेल तर नजर या गोष्टींवर ठेवा. गळ्यापासून काखेपर्यंत तिरपी जोडलेली बाही दंडाला जागा देते. तिला रॅग्लन म्हणतात, दुकानात ‘टी-शर्टची तिरपी बाही’ म्हटलं तरी समजतं. खांद्यावर पुढची आणि मागची पट्टी एकावर एक चढलेला गळा मोठा ताणला जातो. असा कपडा डोक्यावरून काढावा लागत नाही, खांद्यांवरून खाली ओढून पायांतून काढता येतो. बाळाने पाठीपर्यंत शी केली असेल तेव्हा या गळ्याचं मोल कळतं. पायजम्याला दोन पायांच्या मध्ये वेगळा तुकडा जोडलेला आहे का ते उलटं करून बघा. नुसत्या दोन पायांची सरळ शिवण असेल तर मांड्यांना जागा मिळत नाही.

टाळायचं काय? जीन्स, मग ती कितीही गोंडस दिसो. मांडीला इलॅस्टिकची झालर असलेल्या चड्ड्या. बंद गळ्याचे शर्ट, कारण या बाळांना मान असते ती हनुवटीखाली दडलेली, आणि कॉलर तिथे घाम साठवते. बाहीच्या टोकाला घट्ट रिब असलेले स्वेटर. थंडीत पूर्ण बाहीच्या एका जाड स्वेटरऐवजी पातळ सुती कपड्यावर बिनबाह्यांची विणलेली बंडी जास्त चांगली बसते आणि दंड मोकळे राहतात.

इलॅस्टिकची दुरुस्ती, घरच्या घरी

तयार चड्डी लांबीत छान आणि कमरेत काचते, असं दहापैकी आठ वेळा होतं. ती टाकू नका. नेफ्याच्या, म्हणजे इलॅस्टिक ओवलेल्या घडीच्या, आतल्या बाजूला, पाठीमागे मध्यावर, इंचभर शिवण उसवा. आतलं बारीक इलॅस्टिक ओढून कापा आणि सेफ्टी पिनला नवं लावून ओवा. नवं इलॅस्टिक मऊ घ्या आणि नेफ्यात मावेल तेवढं रुंद. बारीक इलॅस्टिक दोऱ्यासारखं कापतं, रुंद असलं की तोच ताण पसरतो. लांबी पोटाच्या बसून घेतलेल्या मापापेक्षा एखादा इंच कमी, बस. टोकं एकावर एक ठेवून चौकोनी टीप मारा आणि नेफा बंद करा. पिन मोजून परत डबीत. आमच्याकडे एकदा ती उशीखाली सापडली होती, तेव्हापासून मी मोजते.

नेफा नसेल, इलॅस्टिक कापडावरच शिवलेलं असेल तर मात्र हात लावू नका, फाटतं.

खाली बटणांचा कपडा वेढ्यात कमी पडत असेल तर वाढीव पट्टी मिळते, दोन्ही टोकांना टिचबटणं असलेली. दोन-अडीच इंच लांबी मिळते आणि कपडा आणखी दोन महिने चालतो.

शिवून घ्यायचं तर कुणाकडे

बारसं, उष्टावण, बोरन्हाण, पहिला वाढदिवस. या चार दिवसांसाठी शिवूनच घ्या, तयार कपड्याच्या मागे लागू नका. पुण्यात तुळशीबागेत आणि मुंबईत दादरला खणाचे, पैठणीच्या काठाचे तयार फ्रॉक आणि परकर-पोलकी ढिगाने मिळतात, दिसतात सुरेख, पण पोलक्याचा दंड आणि मुंढा बारीक बाळाच्या मापाचा असतो.

माझा अनुभव असा, की पँट-शर्ट शिवणाऱ्या शिंप्यापेक्षा शेजारची ब्लाउज शिवणारी ताई हे काम फार चांगलं करते. मुंढा, दंड, काखेतली मोकळीक हे तिचं रोजचं काम. चिऊच्या परकर-पोलक्याचं माप देताना मी म्हटलं, ‘ताई, वर्षाच्या मुलीचं धरा.’ तिने चिऊला मांडीवर घेतलं, दंडाभोवती टेप फिरवली आणि म्हणाली, ‘वर्षाच्या मुलीचं कशाला? हिचंच धरते की.’ तिने काखेत दोन इंचांचा चौकोनी तुकडा जोडला, पाठीला पूर्ण उघडं ठेवून बंद लावले, आणि बाजूच्या शिवणीत इंचभर माया, म्हणजे आत दुमडलेलं जादा कापड, सोडली. ती माया पुढे दोनदा उसवून वापरली.

तिला द्यायच्या सूचना एवढ्याच: पाठ पूर्ण उघडी हवी, काखेत तुकडा, बाजूला माया, आतून मलमलीचं अस्तर, आणि जर किंवा टिकल्या अंगाला लागायला नकोत. परकराला नाडी नको, रुंद इलॅस्टिक किंवा खांद्यांवरून पट्ट्या. नाडी पोटावरून घसरते आणि मग आपण ती आणखी आवळतो. कापड आधी धुऊन, वाळवून द्या. सुती कापड पहिल्या धुण्यात आटतं आणि त्यातली खळही जाते. साध्या झबल्याला ३६ इंची पन्ह्याचं, म्हणजे रुंदीचं, पाऊण मीटर पुरतं.

बोरन्हाणाला काळा कपडा आणि वर हलव्याचे दागिने असतात. हलव्याची माळ आणि बाजूबंद या बाळांना तयार मापाचे येत नाहीत, दोरा लांब ठेवून मागे बांधायला सांगा. ओवाळून झालं, फोटो झाले की लगेच उतरवा, कारण हलवा तोंडात जातोच.

घातल्यावर काय बघायचं

कपडा घातला की बाळाला बसवा, हात वर करा, पाय पोटाशी घ्या. बाही काखेत ओढली जाते का? पोटावर शिवण ताणली जाते का? मग काढताना मानेची, काखेची, जांघेची आणि गुडघ्यामागची वळी उघडून बघा. शिवण, लेबल किंवा इलॅस्टिक नेमकं वळीत जाऊन बसतं आणि वरून काही दिसत नाही. लेबलं मी सरळ उसवून टाकते; कापली तर उरलेलं टोक टोचतं.

वळ्यांमध्ये घाम राहिला की त्वचा लाल होते. आंघोळीनंतर प्रत्येक वळी मऊ कापडाने टिपून कोरडी करा. पावडरचे थर नकोत, घामात त्याचे गोळे होतात आणि ती बाळाच्या नाकातही जाते. लाली ओलसर असेल, वास येत असेल किंवा त्वचा चिरली असेल तर कपडे बदलत बसू नका, डॉक्टरांना दाखवा.

आणखी एक, जे कपड्यांच्या यादीत कुणी धरत नाही. कमरेचा करदोटा, मनगटातल्या मनगट्या, पायातले वाळे आणि काळे दोरे. बाळ भरतं तसे हे वळीत रुतत जातात. बारशाला बांधलेला चिऊचा काळा दोरा तिसऱ्या महिन्यात वळीच्या आत दिसेनासा झाला होता. मला वाटलं पडला असेल. दर आठवड्याला बोट फिरवून बघा आणि बोट जात नसेल तर कुणाची वाट न बघता कापा. पायमोजेही उलटे करून बघा. आतला सुटा धागा किंवा आपला केस बाळाच्या बोटाला गुंडाळला जाऊ शकतो, आणि मग बोट सुजतं. कारण कळत नाही अशा रडण्यात पायाची बोटं आधी बघायची.

किती घ्यायचे

थोडे. गुटगुटीत बाळ चालायला लागलं की त्याचा आकार बदलतो. दुसऱ्या वर्षात वजन सरासरी अडीच किलोच वाढतं आणि उंची मात्र १२ सेंटिमीटर. पोट-मांड्यांना शोभणारे कपडे तेव्हा घेरात सैल आणि लांबीत आखूड होतात. रोजचे सात-आठ, बाहेरचे दोन, सणाचा एक, एवढ्यात आमचं भागलं. पुढच्या वर्षाची खरेदी आत्ता करून ठेवू नका.

‘काय गं, काय खायला घालतेस हिला?’ हे प्रत्येक समारंभात ऐकावं लागेल, त्याची तयारी ठेवा. कपडा बसत नाही म्हणून बाळाचं दूध किंवा खाणं कमी करायचं नसतं. लसीकरणाला जाल तेव्हा माता-बाल संरक्षण कार्डावरचा वाढीचा तक्ता डॉक्टरांकडून भरून घ्या, वजन आणि लांबी दोन्ही बघायला सांगा. शंका तिथे विचारा, मावशीला नको.

मी आता प्रत्येक कपड्याच्या आतल्या शिवणीवर पेनाने छाती आणि मांडीचा खरा आकडा लिहून ठेवते, वय लिहीत नाही. चिऊची झबली गेल्या महिन्यात भावाच्या मुलाकडे गेली. तो काटक आहे, वहिनी म्हणते बंद दोनदा गुंडाळून बांधावे लागतात, पण बसतात.